शॉवरआधी गच्ची

बाथरूम नव्याने करायचे ठरले की घरातली मंडळी थेट दुकान गाठतात. तिथे भिंतभर शॉवर टांगलेले असतात: गोल, चौकोनी, ताटाएवढे, काळे, सोनेरी. एखादा चालू करूनही दाखवतात. त्यातून पडणारे दाट, एकसारखे पाणी पाहून निर्णय तिथल्या तिथे होतो. मात्र त्या शॉवरमागे पंप असतो, आणि त्याचा जोर पिशवीत भरून घरी आणता येत नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की शॉवर निवडायला आधी गच्चीवर जा. टेप घेऊन जा. पाण्याची टाकी कुठे आहे, किती उंचावर आहे आणि तिच्यातून तुमच्या बाथरूमपर्यंत पाणी कोणत्या वाटेने येते, हे एकदा डोळ्यांनी बघा. कोणता शॉवर चालेल हे निम्म्याहून अधिक तिथेच ठरते.

आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत पाणी वर चढवतो तो पंप, पण खाली आणते ते गुरुत्वाकर्षण. शॉवरच्या तोंडाशी किती दाब मिळणार, हे टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरच्या किती वर आहे यावर ठरते. दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळतो. प्लंबर त्यालाच ‘एक किलो प्रेशर’ म्हणतात. टाकी किती लिटरची आहे याचा इथे संबंध नाही. पाचशे लिटरची आणि पाच हजार लिटरची टाकी एकाच उंचीवर ठेवली, तर दाब तेवढाच.

आता सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचा हिशेब करू. शॉवर जमिनीपासून ७ फुटांवर, छत १० फुटांवर, वर अर्ध्या फुटाचा स्लॅब, त्यावर चार फुटांच्या स्टँडवर टाकी आणि टाकीत दोन-अडीच फूट पाणी. सगळे मिळून दहा फूट, म्हणजे ३ मीटर, म्हणजे ०.३ बार. तीच टाकी जिन्याच्या खोलीच्या छतावर असेल तर ५ मीटरच्या आसपास, अर्धा बार. चार मजले खाली तळमजल्यावर याच टाकीचे पाणी दीड बार दाबाने येते. शॉवरच्या खोक्यावर किंवा कॅटलॉगमध्ये किमान लागणारा दाब छापलेला असतो आणि तो बऱ्याचदा अर्धा किंवा एक बार असतो. वरच्या मजल्यावरच्या माणसाने दुकानात सगळ्यात आधी तो आकडा वाचावा. रंग आणि आकार त्यानंतर.

नळाला जोर आहे, मग शॉवरलाच का नाही, असा प्रश्न अनेकांना पडतो. नळ जमिनीपासून अडीच फुटांवर असतो, शॉवर सात फुटांवर. एकूण उंचीच जिथे दहा फूट, तिथे हे साडेचार फूट फार मोठे. शिवाय नळाला एकच मोठे तोंड, शॉवरला बारीक भोके. याच कारणाने कमी दाबाच्या घरात हँड शॉवर खांद्याच्या उंचीवर धरला की तो वरच्या शॉवरपेक्षा बरा चालतो.

दाब आणि पाणी यांचे नाते मात्र सरळ नाही. उंची चौपट झाली तर पाणी दुप्पट होते, चौपट नाही. टाकी तीन मीटरवरून पाच मीटरवर नेली तर शॉवरचे पाणी जेमतेम तीस टक्क्यांनी वाढेल. हा फरक जाणवतो, पण नुसती टाकी उचलून पावसासारखा शॉवर मिळणार नाही. सोसायटीच्या सभेत टाकी उंच करण्याचा खर्च मांडण्याआधी हे माहीत असलेले बरे.

उंची पुरेशी असूनही पाणी येत नसेल तर दोष पाइपांत शोधावा. जुन्या इमारतींतले लोखंडी पाइप आतून गंजून, क्षार साठून इतके अरुंद होतात की अर्ध्या इंचाच्या पाइपात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरते. ते बदलून सीपीव्हीसीचे घातले की तोच शॉवर नव्यासारखा चालतो. नवीन बांधकामात वेगळी चूक दिसते. टाकीपासून बाथरूमपर्यंत सगळीकडे अर्ध्या इंचाचाच पाइप टाकलेला असतो, आणि त्यात सात-आठ एल्बो. बाथरूमपर्यंत एक इंच, आत पाऊण इंच आणि फक्त शेवटच्या टोकाला अर्धा इंच, असे ठेवले तर वाटेत दाब कमी वाया जातो. एकाच उभ्या पाइपावर, म्हणजे डाऊनटेकवर, सगळे मजले असतील तर खालच्यांनी नळ सोडले की वरच्याचा शॉवर मरतो. वरच्या मजल्याला टाकीतून स्वतंत्र पाइप देणे हा त्यावरचा सर्वात टिकाऊ उपाय. आणि पाणी फुसफुसत, थांबत थांबत येत असेल तर पाइपात हवा अडकली आहे. गच्चीवर डाऊनटेकला हवेचा उभा पाइप आहे का, आणि असल्यास तो चोंदला आहे का, ते बघावे.

हे सगळे ताडून पाहायला एक बादली पुरते. सकाळी, बिल्डिंगमध्ये सगळ्यांची आंघोळीची गडबड चालू असते तेव्हा, जुना शॉवर आर्मवरून फिरवून काढा. आर्मच्या उघड्या तोंडाला कापडाची लांब पट्टी बांधून तिचे टोक बादलीत सोडा, म्हणजे पाणी इकडेतिकडे न उडता पट्टीवरून खाली उतरते. बादली दहा लिटरची घ्या. नसेल तर लिटरच्या बाटलीने मोजून आतून खूण करा. आता फोनवर वेळ लावून थंड नळ पूर्ण सोडा. मग हेच फक्त गरम नळावर करा. गरमचे पाणी थंडपेक्षा फारच कमी आले, तर गीझरच्या जोडणीत किंवा त्याच्या अँगल कॉकमध्ये काहीतरी अडले आहे. नवा शॉवर आणून ते सुटणार नाही.

माझा ठोकताळा असा. बादली भरायला सव्वा मिनिटाहून अधिक लागत असेल तर तीन-चार इंचांचा, मोजक्या भोकांचा शॉवर किंवा चांगला हँड शॉवर घ्यावा आणि समाधानाने वापरावा. चाळीस सेकंदांपासून सव्वा मिनिटापर्यंत लागत असतील तर चार ते सहा इंचांचा कोणताही बऱ्यापैकी शॉवर चालेल. चाळीस सेकंदांच्या आत भरली, तरच आठ इंच किंवा त्याहून मोठ्या ‘रेन शॉवर’चा विचार करावा.

मोठ्या शॉवरविषयी एवढा कडक का, ते सांगतो. सहा इंचांऐवजी बारा इंचांची तबकडी घेतली की क्षेत्रफळ दुप्पट नाही, चौपट होते. पाणी तेवढेच, पण चौपट जागेत वाटायचे. भोकांची एकूण वाट मोठी झाली की सगळा दाब येणाऱ्या पाइपातच खर्च होतो आणि भोकापाशी काही उरत नाही. मग मधून चार धारा पडतात आणि कडेने नुसते ठिबकते. साबण निघायला वेळ लागतो, म्हणून माणूस जास्त वेळ उभा राहतो, आणि गीझरचे पाणी संपते. हवा मिसळणाऱ्या शॉवरचेही तसेच. आत अरुंद वाटेतून पाणी वेगाने जाताना बाहेरची हवा ओढून घेते आणि थेंब फुगतात. त्यामुळे कमी पाण्यातही अंगावर भरपूर पडल्यासारखे वाटते. पण पाण्याला वेग असेल तरच हवा ओढली जाते. ज्यांच्याकडे दाब आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. कमी दाबाच्या घरात तो पैसा वाया.

उंच टॉवरमध्ये राहणाऱ्यांची अडचण उलटी असते. वीस मजले म्हणजे सुमारे ६० मीटर, म्हणजे ६ बार. असा दाब थेट आला तर हँड शॉवरची नळी फुटते, गीझरवर ताण येतो. म्हणून अशा इमारतींत मधे मधे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह असतात. अशा घरात शॉवरच्या तोंडाशी बसवलेली पाणी मर्यादित करणारी प्लॅस्टिकची चकती काढून टाकू नये. वरच्या मजल्यावरच्या, गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या घरात मात्र तीच चकती अडथळा ठरते.

दाबानंतर गीझर. इथे एक साधा हिशेब आहे आणि तो घरोघरी चुकतो. हिवाळ्यात पुण्यात किंवा नाशिकला सकाळी टाकीचे पाणी २० अंशांचे आहे असे धरू. आंघोळीला ४० अंश हवे. पंधरा लिटरच्या गीझरने पाणी ६० अंशांपर्यंत तापवले तर त्यात तेवढेच थंड मिसळून ३० लिटर आंघोळीचे पाणी होते. वापर चालू असताना आत थंड पाणी शिरत राहते, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमीच. आता मिनिटाला १२ लिटर सोडणारा रेन शॉवर लावला तर ते अडीच मिनिटांत संपेल. सहा लिटरच्या शॉवरला पाच मिनिटे मिळतील. मोठा शॉवर घ्यायचा असेल तर गीझर किमान २५ लिटरचा घ्यावा लागतो, आणि त्याचा खर्च शॉवरच्या किमतीत धरावा लागतो.

तीन लिटरचा ‘इन्स्टंट’ गीझर तर शॉवरचा सोबती नव्हेच. तीन किलोवॉटच्या कॉइलला पाणी २० अंशांनी तापवायचे तर मिनिटाला फक्त सव्वादोन लिटरच्या आसपास जमते. त्यावर सहा लिटरचा शॉवर चालवला तर पाणी जेमतेम सात अंशांनी तापेल. स्वयंपाकघरातल्या सिंकसाठी किंवा बादली भरायला तो उत्तम आहे. शॉवरखाली उभ्या राहिलेल्या माणसाला तो थंडीने कुडकुडवतो.

गॅस गीझर मिनिटाला सहा लिटर सहज देतो, म्हणून त्याचा मोह होतो. पण तो बाथरूमच्या आत कधीही लावू नये. बंद खोलीत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि दार आतून बंद असते. अशा मृत्यूंच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. गीझर बाहेर, मोकळ्या हवेच्या ठिकाणी. बाथरूमच्या आत फक्त पाइप. यात जागेच्या अडचणीची सबब चालू देऊ नका, भाड्याचे घर असले तरी मालकाशी बोला.

सोलरचे पाणी असलेल्या घरांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. गच्चीवरून येणाऱ्या लांब पाइपातले रात्रभरचे गार पाणी आधी बाहेर पडते, मग गरम येते. शॉवरखाली एक बादली ठेवून ते धरून ठेवले की कपड्यांना, फरशीला उपयोगी पडते.

आता भिंतीवरच्या चाव्या. आपल्या घरांत सर्वात जास्त दिसतो तो वॉल मिक्सर: डावीकडे गरम, उजवीकडे थंड, मधे नळ आणि वर शॉवरला जाणारा पाइप. ‘थ्री-इन-वन’ घेतला तर हँड शॉवरचीही सोय होते. दोन्ही पाइपांच्या तोंडांतले अंतर सहा इंच असते, त्यामुळे एका कंपनीचा काढून दुसऱ्या कंपनीचा सहसा बसवता येतो. तो भिंतीबाहेर असतो; बिघडला तर पाना लावून काढता येतो. दिसायला साधा असला तरी माझे मत त्याच्याच बाजूने आहे, विशेषतः जुन्या इमारतींत.

भिंतीच्या आत लपवलेला, म्हणजे कन्सील्ड डायव्हर्टर, देखणा दिसतो आणि साफ करायला सोपा असतो. पण त्याच्या आतल्या भागात गळती झाली तर टाइल फोडावी लागते. तो घ्यायचाच असेल तर कार्ट्रिज समोरून बदलता येते का हे विचारा, आतली बॉडी आणि बाहेरची तबकडी एकाच कंपनीची घ्या, आणि टाइल लावण्याआधी पाइपांत दाब भरून रात्रभर ठेवायला लावा. सकाळी गेजचा काटा सरकलेला नसेल तरच गवंड्याला आत येऊ द्या. बाथरूमच्या टाइलची एक पेटी माळ्यावर राखून ठेवा. पाच वर्षांनी तो रंग बाजारात मिळत नाही.

एका दांड्यावर गरम-थंड करणारा सिंगल लिव्हर मिक्सर दोन्हीकडचा दाब सारखा असेल तरच नीट वागतो. थंड जोरात आणि गरम हळू असेल तर दांडा अगदी गरमच्या टोकाला नेला तरच पाणी कोमट होते; मधे कुठे तरी ठेवले की थंड पाणी उलटे गरमच्या पाइपात शिरते. हा त्रास बहुधा घरात फक्त थंड लाइनवर प्रेशर पंप लावल्यामुळे होतो. पंप लावायचा तर तो गरम आणि थंड दोन्हींना सारखाच दाब देईल असा जोडून घ्यावा, आणि टाकीच्या पुढे लावावा. महापालिकेच्या लाइनला थेट पंप लावणे बेकायदा आहे, शिवाय त्याने शेजाऱ्यांचे पाणी ओढले जाते. साध्या सोलरच्या टाकीला वर हवेचा उघडा पाइप असतो; तिच्या आधी पंप लावला तर पाणी त्या पाइपातून गच्चीवर वाहून जाईल. तिथे पंप सोलरच्या नंतर, गरम पाणी सोसणारा हवा.

धातूचा प्रश्न दुकानात फार चर्चिला जातो. मिक्सर आणि आर्म पितळेचे हवेत. हातात घेऊन वजन बघा, ते कळते. शॉवर मात्र एबीएस प्लॅस्टिकचा असला तरी बिघडत नाही. उलट तो हलका असतो, आणि लांब आर्मवर लटकणारे वजन जितके कमी तितका भिंतीतल्या एल्बोवरचा ताण कमी. काळा मॅट रंग सुंदर असतो. पण बोअरचे पाणी असेल तर आठवड्यात त्यावर पांढरे ठिपके दिसू लागतात.

घरात वयस्क माणसे असतील तर हँड शॉवरला पहिली पसंती द्या. आई किंवा सासरे स्टुलावर बसून आंघोळ करत असतील तर उंचावरचा शॉवर त्यांच्या उपयोगाचा नाही. हँड शॉवर उभ्या सळईवर वरखाली सरकणारा घेतला तर त्याच बाथरूममध्ये नातवालाही जमते. नळी दीड मीटर असावी, म्हणजे बसलेल्या माणसाच्या पाठीपर्यंत सहज पोचते. मात्र ती सळई आधारासाठी नसते. पाय घसरला की हात नेमका तिच्यावर जातो आणि ती उखडते. आधाराची दांडी वेगळी, भिंतीत खोल बोल्ट मारून बसवलेली असावी. हँड शॉवरवर पाणी थांबवायचे बटण असते. ते साबण लावेपर्यंतच वापरावे. आंघोळ झाल्यावर मागच्या चाव्या बंद केल्याच पाहिजेत, नाहीतर नळीवर सतत दाब राहून ती फुगते आणि गरम-थंड पाणी एकमेकांत शिरते.

आणि पाणी किती लागते? शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर, हे भारतीय मानकाने धरलेले प्रमाण. त्यात आंघोळीचा वाटा ५५ लिटर. सहा लिटरच्या शॉवरखाली पाच मिनिटे म्हणजे ३० लिटर, दीड-दोन बादल्या. पंधरा लिटरच्या शॉवरखाली दहा मिनिटे म्हणजे १५० लिटर, एका माणसाच्या दिवसभराच्या पाण्याहून जास्त. अमेरिकेने १९९२ साली कायदा करून शॉवरला मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे साडेनऊ लिटरांची मर्यादा घातली आणि ती १९९४ पासून लागू झाली. मुळात आधुनिक सार्वजनिक शॉवर जन्मला तोच काटकसरीसाठी. फ्रान्समधल्या रूआं शहरातल्या तुरुंगाचे डॉक्टर मेरी देलाबोस्त यांनी १८७२-७३ च्या सुमारास कैद्यांच्या टबस्नानाऐवजी शॉवर आणले, कारण टबांपेक्षा पाणी आणि इंधन कमी लागत होते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी न्यावे लागले, हे आपण पाहिले आहे. जिथे टँकर येतो तिथे मिनिटाला सहा लिटरांवर जाणारा शॉवर लावू नये, असे मला मनापासून वाटते. सहा लिटरांतही आंघोळ छान होते, फक्त तबकडी लहान हवी आणि भोके स्वच्छ.

भोके स्वच्छ ठेवणे हे काम नेहमीचे. बोअरच्या जड पाण्यातला चुना प्रत्येक थेंबाबरोबर भोकाच्या कडेला चिकटतो. काही महिन्यांत धारा वाकड्या होतात, एखादी थेट भिंतीवर जाते. सिलिकॉनच्या मऊ बोंड्या असलेला शॉवर घेतला तर अंगठ्याने चोळूनच हे पुट निघते. कडक भोकांचा असेल तर काढून, कोमट पाण्यात दोन-तीन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून त्यात तासभर पालथा ठेवा; रात्रभर ठेवू नका, मुलामा काळवंडतो. मग जुन्या टूथब्रशने घासा. शॉवरच्या मागच्या तोंडात एक बारीक जाळी असते, तीही बाहेर काढा. तिच्यात वाळूचे कण, पांढरे कपचे आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे सापडतात. अनेकदा शॉवर मंद पडण्याचे कारण एवढेच असते. परत बसवताना वायसर जागेवर आहे ना ते बघा, आटे सरळ लागले आहेत याची खात्री करून हाताने घट्ट करा आणि पान्याने फार तर पाव फेरा द्या. त्याहून आवळले तर भिंतीतल्या एल्बोला चीर जाते, आणि ती कळते ती शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल आल्यावर.